नंबर सातवा, भुर्दंड तीन वर्षांचा

साताऱ्यात एखादं पोरगं एनडीएला, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला लागलं, की पेढ्यांचा बॉक्स उघडायच्या आधी शेजारपाजारचे विचारतात, "मग, मराठात जाणार ना?" मराठा लाइट इन्फंट्री म्हणजे आमच्याकडे घरचीच पलटण. अपशिंगे मिलिटरी या एका गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच सुरू झाली. तेव्हा हा प्रश्न येणारच.

पण शिपायाच्या भरतीचं गणित वेगळं आणि अधिकाऱ्याचं वेगळं. साताऱ्याचा मुलगा लेफ्टनंट होऊन शीख पलटणीत जाऊ शकतो, आणि लुधियानाचा मुलगा मराठा पलटणीत येऊन "बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणायला शिकतो. शिवाय पायदळच मिळेल असंही नाही. रणगाडे आहेत, तोफखाना आहे, सॅपर्स (लष्करी इंजिनिअर), सिग्नल्स (संदेशवहन), ईएमई (यंत्रदुरुस्ती), एएससी (रसद), ऑर्डनन्स (शस्त्रसाठा) आहे. पासिंग आऊट परेडनंतर खांद्यावर कुठल्या दलाचा बिल्ला चढणार, हे त्या पोराच्या पुढच्या सगळ्या नोकरीचं वळण ठरवतं. मग कोणाला काय द्यायचं, हे ठरवायचं कसं? प्रश्न लष्करी वाटतो, पण त्याच्या पोटात निव्वळ गणित आहे. मी गणित शिकवतो, म्हणून मला तो सुटत नाही.

आधी नंबर. एनडीएच्या निवडीत लेखी परीक्षेला ९०० आणि एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांना ९०० गुण असतात. पुढे प्रशिक्षणात अभ्यास, कवायत, शस्त्रं, पीटी, कॅम्प, नेतृत्व या सगळ्याचा मिळून गुणवत्ताक्रम लागतो. आता धावण्यातले सेकंद आणि इतिहासाच्या पेपरातले गुण एकत्र कसे मिळवायचे? प्रत्येकाला काहीतरी वजन द्यावं लागतं, आणि वजन बदललं की क्रम बदलतो. म्हणून तर डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत गुणवत्ताक्रमात पहिल्या आलेल्याला सुवर्णपदक देतात आणि सर्वांगीण उत्कृष्ट कॅडेटला मानाची तलवार. दोन्ही एकाच पोराला मिळतील असं नाही. 'सगळ्यात चांगला कोण' या प्रश्नाला दोन उत्तरं असू शकतात, हे लष्करानं बक्षिसांतूनच मान्य केलंय.

वजनात जे धरलं नाही, ते नंबरात दिसत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत १८४३ साली ३९ जणांत एक पोरगा २१वा आला. घोडेस्वारीत त्याचा हात धरणारा अकादमीत कोणी नव्हता. त्यानं पहिली पसंती घोडदळाला दिली होती; मिळालं पायदळ. त्या काळी तिथे वरच्या नंबरांची हुशार पोरं इंजिनिअर होत. १८२९च्या तुकडीत दुसरा आलेला रॉबर्ट ली असाच इंजिनिअर्समध्ये गेला. तर हा २१वा पोरगा म्हणजे युलिसिस ग्रँट. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेल्या लीनं शेवटी शरणागती पत्करली ती याच पायदळवाल्यापुढे. तरी नंबर निरुपयोगी असतात असं काही मी म्हणत नाही. १८६१ साली आपल्या तुकडीत शेवटून पहिला आलेला कस्टर घोडदळात गेला, आणि पुढे स्वतःसकट हाताखालची माणसं कापून घेऊन इतिहासात गेला.

आता वाटप. सगळ्यात सोपा नियम रांगेचा. पहिला आलेला हवं ते घेतो, दुसरा उरलेल्यातून घेतो, तिसरा त्याच्यानंतर. या नियमाचा एक गुण चटकन लक्षात येत नाही: इथे खोटं बोलून काहीच पदरात पडत नाही. तुमची पाळी येईपर्यंत काय शिल्लक राहील, हे तुमच्या पुढच्यांनी ठरवलेलं असतं. तुमच्या पसंतीच्या यादीनं त्यात काडीचाही फरक पडत नाही. मग मनातलं जसंच्या तसं लिहायला काय हरकत?

दोष मात्र पंगतीत जेवलेल्या कोणालाही समजेल. पहिल्या पंगतीनं जिलेबी संपवली, की शेवटच्या पंगतीला मसालेभात. ज्या दलाला मागणी कमी, तिथे यादीच्या तळातलीच माणसं जमा होतात. युद्धात रसद पोहोचवणारा अधिकारी ढिला असून कसं चालेल?

यावर अमेरिकी मरीन कोअरनं, म्हणजे समुद्रमार्गे चढाई करणाऱ्या दलानं, तोडगा काढला. त्यांचे नवे लेफ्टनंट व्हर्जिनियात क्वांटिको इथे सहा महिने प्रशिक्षण घेतात. शेवटी गुणवत्ता यादीचे तीन समान भाग करतात, आणि प्रत्येक शाखेच्या जागाही त्या तीन भागांत वाटतात. म्हणजे प्रत्येक शाखेत वरचे, मधले, खालचे सगळे येतात. ऐकायला न्याय्य वाटतं. पण ३० जणांची तुकडी घेऊन हाताने करून बघा. दहा-दहाचे तीन गट. दहावा आलेला पहिल्या गटात शेवटचा. त्याच्या आधी नऊ जण निवड करून मोकळे झालेले. अकरावा आलेला दुसऱ्या गटात पहिला. त्याच्यापुढे त्या गटाच्या सगळ्या जागा तशाच पडलेल्या. दहाव्यापेक्षा अकराव्याचं नशीब चांगलं! मग काठावरच्या एखाद्यानं शेवटच्या परीक्षेत मुद्दाम दोन प्रश्न सोडले, तर दोष त्याचा की नियमाचा?

मला विचाराल तर मरीनचा निर्णय तरीही समजण्यासारखा आहे. काठावरच्या दोघा-तिघांवर अन्याय होतो, पण एखादी शाखा उघडी पडत नाही. फक्त ही किंमत आहे, हे माहीत असून मोजलेली बरी.

नकळत मोजलेल्या किमतीची गोष्ट वेस्ट पॉइंटची. तिथून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यानं निदान पाच वर्षं सेवा करायची असते. पण तरुण अधिकारी पाच वर्षं झाली की बाहेरची नोकरी धरू लागले. म्हणून २००६च्या तुकडीपासून लष्करानं एक योजना आणली. प्रत्येक शाखेच्या ७५ टक्के जागा गुणवत्तेनं द्यायच्या. उरलेल्या २५ टक्के जागांवर, जे आणखी तीन वर्षं सेवा करायला तयार आहेत त्यांना आधी घ्यायचं. नंबर कमी असलेल्याला वर्षं मोजून हवी ती शाखा मिळते, लष्कराला अनुभवी कॅप्टन मिळतात. कागदावर कोणाचंच नुकसान नाही.

समजा तोफखान्याच्या आठ जागा आहेत. सहा गुणवत्तेनं गेल्या, दोन राहिल्या. अर्ज करणारे दोघंच: सातवी आलेली मुलगी आणि आठवा आलेला मुलगा. मुलीला तोफखाना मनापासून हवा, म्हणून तिनं 'तीन वर्षं जास्त द्यायला तयार' या रकान्यात 'हो' लिहिलं. मुलानं 'नाही' लिहिलं. तिसरं कोणी स्पर्धेतच नाही, म्हणून दोघांनाही जागा मिळाली. पण 'हो' लिहिलं होतं, म्हणून मुलीच्या माथी तीन वर्षं बसली. खालच्या नंबरचा मुलगा तीच जागा फुकटात घेऊन गेला. बरं, तिनं 'नाही' लिहिलं असतं आणि मागून नववा, दहावा 'हो' म्हणत आले असते, तर तिची जागाच गेली असती. म्हणजे तयारी दाखवली तर भुर्दंड, नाही दाखवली तर जुगार.

असा घोळ आम्हाला नवा नाही. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, की ते घ्यावंच लागायचं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. जून महिन्यात माझ्या घरी पालक यायचे, आणि कोणीही 'मुलाला काय आवडतं' हे विचारायचं नाही. प्रश्न एकच: "सर, पहिली पसंती काय टाकू?" अर्ज भरणं हा वेगळा विषय झाला होता, आणि त्याचे क्लास निघाले नाहीत हेच नवल.

तायफुन सॉन्मेझ हा तुर्की वंशाचा अर्थशास्त्रज्ञ नेमका याच जातीच्या प्रश्नांमागे लागलेला. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळेच्या जागा आधी 'पहिली पसंती' लिहिणाऱ्यांना दिल्या जायच्या. नावाजलेली शाळा पहिली लिहिली आणि ती हुकली, तर तोवर दुसऱ्या पसंतीची शाळा भरून गेलेली असायची. माहितगार पालक पहिली पसंतीच खोटी लिहायचे. साधे पालक फसायचे. सॉन्मेझ आणि अतीला अब्दुल्कादिरोग्लू यांनी २००३ साली हे शोधनिबंधातून दाखवून दिलं, आणि २००५ साली बॉस्टननं पद्धत बदलली.

बदलून जी पद्धत घेतली, तिचं मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांच्या १९६२ च्या शोधनिबंधात आहे. त्यांनी उदाहरण घेतलं होतं लग्नाचं, त्यामुळे आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. स्थळ येतं. मुलीकडचे लगेच 'हो' म्हणत नाहीत, 'कळवतो' म्हणतात. त्याहून चांगलं स्थळ आलं, की आधीच्याला नकार जातो आणि नवीन 'कळवतो'वर राहतं. नकार मिळालेला पुढच्या दारी जातो. सगळ्यांचं जाणं-येणं थांबलं, की जे जे 'कळवतो'वर आहे ते पक्कं. कोणतीही जागा शेवटपर्यंत पक्की होत नाही, म्हणून आवडीच्या दारी आधी जाण्यात तोटा नसतो. तिथून नकार आला तरी पुढचं दार बंद झालेलं नसतं. स्थळ घेऊन जाणाऱ्या बाजूला खोटं बोलून फायदा होऊच शकत नाही, हे पुढे रीतसर सिद्ध झालं. शॅप्लींना आणि हे गणित प्रत्यक्ष व्यवहारात उतरवणाऱ्या अल्विन रॉथ यांना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल २००८ सालीच गेले होते.

२०१३ साली सॉन्मेझ आणि टोबियस स्विट्झर यांनी वेस्ट पॉइंटच्या पद्धतीची चिरफाड केली. घोटाळा गणकयंत्रात नव्हता, अर्जात होता. अर्जात शाखांचा क्रम विचारला होता आणि वर्षांबद्दल वेगळं हो-नाही. पण 'तोफखाना पाच वर्षांत' आणि 'तोफखाना आठ वर्षांत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंच्या मधे एखाद्याच्या मनात सिग्नल्स असू शकतं. हे सांगायला अर्जात जागाच नव्हती. त्यांनी असंही दाखवलं, की या पद्धतीत कधीकधी नंबर मुद्दाम खाली नेणंच फायद्याचं ठरतं. क्वांटिकोतला तोच काठावरचा पोरगा, फक्त इथे त्याला हेरणं कठीण.

लष्करानं लगेच ऐकलं असं नाही. पण पुढे त्यांना आणखी एक बदल हवा झाला: शाखांनाही आवडनिवड हवी होती. सिग्नल्सवाल्यांना संगणक येणारं पोर हवं, मग ते धावण्यात मागे का असेना. म्हणजे ग्रँटची अडचण जवळपास पावणेदोनशे वर्षांनी कोणीतरी मनावर घेतली. शाखा कॅडेटच्या मुलाखती घेऊन त्यांना तीन श्रेणींत बसवू लागल्या. श्रेणीच्या आत गुणवत्ताक्रम. एवढी गुंतागुंत जुन्या नियमाला पेलणं शक्यच नव्हतं. शेवटी लष्करानं सॉन्मेझ, एमआयटीचे पराग पाठक आणि वेस्ट पॉइंटवर शिकवणारे काइल ग्रीनबर्ग यांना सोबत घेतलं, आणि २०२१च्या तुकडीचं वाटप नव्या पद्धतीनं झालं.

आता त्या सातव्या आलेल्या मुलीनं मनात आहे ते लिहायचं. तोफखाना, पाच वर्षं. ते नाही तर सिग्नल्स, पाच वर्षं. तेही नाही तर तोफखाना, आठ वर्षं. आणि आठवर तिला बसवायचं, ते वरच्या दोन्ही ओळी खरोखरच हातातून गेल्यावर.