मासा हाताला लागतो की जागेला?

समजा, खाडीकाठच्या एका जेट्टीवर सात जण गळ टाकून बसलेत. सगळ्यांचा हात सारखाच तयार, रॉड सारखे, आमिषाची कोळंबी एकाच वाट्यातली आणि समोरचं पाणीही एकच. त्या दिवशी माणशी सरासरी दोन मासे लागणार आहेत. तरीही सातांतला साधारण एक जण रिकाम्या हाताने घरी जाईल, आणि एक जण चार किंवा त्याहून जास्त मासे घेऊन. दोघांच्या कसबात फरक काहीच नव्हता. तुरळक आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना अशाच विखुरतात. संख्याशास्त्रात याला प्वासाँ वितरण म्हणतात. सरासरी 2 असेल तर शून्याची शक्यता 13.5 टक्के निघते आणि चार किंवा अधिकची 14.3 टक्के.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मात्र निकाल लागलेला असतो. चार मासेवाल्याच्या हाताला गुण आहे, आणि रिकाम्या हाताने गेलेल्याने जागा चुकीची धरली. वाशी-ऐरोलीच्या काठावर हा वाद कायमचा आहे, पण एका दिवसाच्या टोपलीवरून तो सुटत नाही.

मग सोडवायचा कसा? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड शेती संशोधन केंद्रात अशाच गुंत्यावर काम केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलत बसू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्या जोड्या लावून बघा. आपल्याकडे त्याचा अर्थ असा: एक मुरलेला गडी, एक नवशिका, दोन जागा, दर तासाला अदलाबदल, आणि कोण आधी कुठे बसणार ते चिठ्ठी टाकून. असं पुरेसे दिवस केलं तर हाताचा वाटा वेगळा निघतो, जागेचा वेगळा, आणि दोन्ही मिळून होणारा परिणामही दिसतो. प्रत्यक्षात असं कुणी करत नाही. शिवाय मुरलेला गडी चांगली जागाच पकडून बसतो, त्यामुळे त्याचे मासे कुठल्या खात्यात घालायचे हेच कळत नाही.

तरी माझं मत जागेच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण गुणाकारात आहे. मासा हाती येण्यासाठी तो तिथे असावा लागतो, त्याला आमिष कळावं लागतं, त्याने ते तोंडात घ्यावं लागतं आणि गळ रुतून टिकावा लागतो. या सगळ्या शक्यतांचा गुणाकार होतो. शेवटच्या तीन पायऱ्या हाताच्या. तिथे तरबेज माणूस नवशिक्याच्या दुप्पट-तिप्पट सरस ठरू शकेल. पहिली पायरी जागेची, आणि ती थेट शून्यावरही येऊ शकते. मासे पाण्यात सारखे पसरलेले नसतात. ते पुंजक्यांनी असतात, आणि दोन पुंजक्यांमधलं पाणी कितीही कसबाने हाताळलं तरी रिकामंच.

2014 मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याकडे उघडा समुद्र उरला तो उत्तन-चौकच्या पट्ट्यात. बाकी ठाणेकर आणि नवी मुंबईकर फुटणाऱ्या लाटांत गळ टाकायला केळवे, किहीम किंवा नागाव गाठतात. तिथे नवशिक्याची पहिली धडपड असते ती लांब फेकण्याची. ती एका अर्थी बरोबर आहे: हवेचा विरोध सोडला तर फेकीचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे वेग 10 टक्के वाढला की अंतर 21 टक्के. पण लाट जिथे फुटते तिथे तळाची वाळू उपसली जाते, त्यातले किडे, शिंपल्या, लहान खेकडे उघडे पडतात आणि मासे त्यासाठीच येतात. ही पंगत पुष्कळदा काठापासून थोड्याच अंतरावर बसलेली असते. लांब फेकणारा तिच्या डोक्यावरून गळ पलीकडे टाकतो.

पंगत कुठे आहे हे लाटाच सांगतात. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण 0.8 पट झाली की ती फुटते; म्हणजे 80 सेंटिमीटरची लाट फुटली तिथे पाणी जेमतेम मीटरभर खोल. लाट एकदा फुटून पुन्हा सावरली आणि पुढे दुसऱ्यांदा फुटली, तर त्या दोन फेसांच्या मधे खोलगट पट्टा आहे. आणि सगळीकडे फेस असताना मधेच शांत, गडद फट दिसली, तर तिथून पाणी समुद्राकडे परत ओढलं जातंय. अन्न वाहून नेणारी ती वाट माशांना आवडते, पण माणसाने तिच्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहू नये.

आता जागेच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक गल्लत. जागा म्हणजे नकाशावरचा ठिपका, असं ते धरून चालतात. आपल्याकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या पुढे जातो. भरतीच्या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. ढोबळ हिशेबाने तासागणिक बाराव्या हिश्श्याचे 1, 2, 3, 3, 2, 1 असे भाग चढतात, म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी. चार मीटरच्या भरतीत तिसऱ्या तासाला मीटरभर. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक असेल तर तेवढ्यात पाण्याची कड 50 मीटर आत सरकते. सकाळी हेरलेला खोलगट पट्टा दुपारी कुठल्या कुठे! म्हणून जागा आणि वेळ मिळून एकच माहिती समजायला हवी.

कोकणात ही वेळ काढायला घड्याळाआधी तिथी होती. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ: चतुर्थीला 3, अष्टमीला 6. मिनिटांचा फरक पडतो, आणि खाडीत आत भरती बंदरापेक्षा थोडी उशिरा पोचते, पण निघायचं कधी हे ठरवायला एवढं पुरतं. कोळ्यांच्या डोल जाळ्याची तर सगळी करामतच यावर आहे. ते माशाच्या मागे जात नाही. प्रवाहाकडे तोंड करून एका जागी बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीचं पाणीच त्यात मासळी आणून घालतं. म्हणजे जागा निवडण्याचंच इथे तंत्र झालं.

ठाण्याच्या खाडीत जागेचा प्रश्न आणखी कठोर होतो. खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब, तोंडाशी रुंद आणि ठाण्याकडे चिंचोळी होत गेलेली. आतल्या टोकाचं पाणी नीट बदलत नाही, वर शहरांचं सांडपाणी. 30 अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू विरघळू शकतो, आणि कुजणारा मैला त्यातलाही खातो. शिंगटी अशा पाण्यात तग धरते. रावसाची वाट मात्र तिथे बघू नये. (खाडीच्या पश्चिम काठाला फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून तो रामसर दर्जाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा, पाणथळ भाग आहे, तेव्हा काठ निवडताना एवढं भान हवंच.) जिताडा हा आडोशाला दबा धरून बसणारा शिकारी मासा. पुलाच्या खांबामागे प्रवाह फुटून भोवरे होतात, खांबाशी तळ खरवडून खड्डा पडतो. पाणी जोरात असतानाही तिथे फार पोहावं लागत नाही आणि खाणं समोरून वाहत येतं. खारफुटीच्या मुळांशीही तेच.

मग हात कुठे दिसतो? चार जण त्याच खांबापाशी, त्याच भरतीला बसले की तिथे. प्रवाहाचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी तळाला धरून राहणारं शिसं (गळाचं वजन) उधाणाला पाणी दुप्पट वेगाने धावताना चौपट रेटा खातं आणि आमिषासकट वाहत जातं. जाड लाइनला हा रेटा जास्त, म्हणून मुरलेला माणूस लाइन बारीक करतो आणि शिसं वाढवतो. नवशिका नुसतं शिसं वाढवतो. गढूळ पाण्यात चकचकीत ल्युअरचा, म्हणजे बनावट आमिषाचा, उपयोग कमी. शिंगटी मिशांनी चव घेते, रावस छातीच्या पराखालच्या चार मोकळ्या तंतूंनी तळ चाचपतो, आणि बहुतेक मासे अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्याची हालचाल ओळखतात. इथे ताज्या कोळंबीचा वास कामाला येतो.

तो वास प्रवाहाबरोबर लांब, नागमोडी पट्टा करत जातो आणि मासा पट्ट्याच्या उलट दिशेने येतो. म्हणून आमिष खांबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतं त्या बाजूला, पडलं तर आडोशातल्या माशाला ते कळतं. खालच्या अंगाला पडलं तर तोच वास मोकळ्या खाडीत निघून जातो. वरचं अंग कुठलं, ते मात्र सहा तासांनी बदलतं. ओहोटी लागली, पाणी फिरलं, की आपण जागचे हललो नसलो तरी गळ चुकीच्या बाजूला गेलेला असतो, आणि उठून खांबाच्या पलीकडे फेकायला कंटाळा करणारे बरेच असतात.