'बुश'ची सीडी परत पाठवण्याआधी

लंडनच्या 'बुश' या रॉक बँडच्या वापरलेल्या सीडी आमच्याकडे बाराही महिने असतात. परत येणाऱ्या पाकिटांत बहुतेक वेळा एकच चिठ्ठी निघते : "कव्हरवर 'बुश एक्स' छापलंय, माल डुप्लिकेट आहे."

माल अस्सल आहे, फक्त ती कॅनडातली आवृत्ती आहे. १९७०च्या सुमारास कॅनडात 'बुश' नावाचा वेगळाच बँड होता आणि तिथे त्या नावाचा हक्क गिटारवादक डॉमेनिक ट्रोयानो यांच्याकडे होता. म्हणून 'सिक्स्टीन स्टोन' (१९९४) आणि 'रेझरब्लेड सूटकेस' (१९९६) हे पहिले दोन अल्बम कॅनडात 'बुश एक्स' नावाने निघाले. १९९७मध्ये दोन धर्मादाय संस्थांना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याच्या बोलीवर तडजोड झाली आणि एक्स गेला. आम्ही या प्रतींचे ना जास्त घेतो, ना कमी. जमवणाऱ्यांनी मात्र दिसली की उचलावी, अशी ही प्रत आहे.

शंका असेल तर घरीच बघा. खरा 'एक्स' बारीक आणि घातांकासारखा वर चढवलेला असतो. डबीच्या कडेवरचा कॅटलॉग क्रमांक चकतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. मग चकती उलटी करून दिव्याखाली तिरकी धरा. भोकाभोवती आरशासारखा पट्टा असतो, त्यात बारीक आकडे दिसतात. कारखान्यात दाबलेली चकती खालून स्वच्छ रुपेरी असते; घरी बर्न केलेली बहुधा हिरवट किंवा निळसर झाक मारते. या पट्ट्याचा आणि डबीच्या कडेचा फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. न विचारता पार्सल करू नका, ही कळकळीची विनंती. वाटेत डबीतले मधले दाते मोडतात, सुटी चकती आत घासत राहते आणि चांगली प्रत आमच्याकडे ओरखडे घेऊन पोचते. अशा प्रतीचे पूर्ण पैसे परत करणं आम्हाला परवडत नाही.

"'सिक्स्टीन स्टोन'चं शेवटचं गाणं मध्येच तुटतं" ही तक्रारही येते. बारावं 'एक्स-गर्लफ्रेंड' मुळातच मिनिटभराचंही नाही. चकती ठीक आहे.

'रेझरब्लेड सूटकेस'चा आवाज खरखरीत वाटला, तर प्लेअरची लेन्स पुसत बसू नका. ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनी यांचं आहे. 'निर्वाणा' बँडच्या 'इन युटेरो' अल्बमचंही त्यांचंच. ड्रम खोलीत वाजतात तसेच ऐकू येतात, वर फारशी सफाई केलेली नाही. आधीचा अल्बम गुळगुळीत आहे, म्हणून फरक जास्तच टोचतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हा अल्बम अगदी कोरडा लागतो. मोठ्या स्पीकरवर एकदा लावून बघाच.

मागवताना फसगत होते ती 'डिकन्स्ट्रक्टेड'मध्ये (१९९७). तो तिसरा स्टुडिओ अल्बम नाही. जुन्या गाण्यांचे रिमिक्स आहेत, गोल्डीसारख्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कलाकारांनी केलेले. गिटार हवी असेल तर तो सोडा. तिसरा स्टुडिओ अल्बम 'द सायन्स ऑफ थिंग्ज' (१९९९), चौथा 'गोल्डन स्टेट' (२००१). नव्याने ऐकणाऱ्यांना आम्ही पहिल्या दोन अल्बमांची जोडी सुचवतो. जोडी एकत्र घेतलीत तर मोडक्या डबीऐवजी नवी डबी आम्ही आमच्या खर्चाने घालून देतो.