बंपरच्या जाळीआडचा डोळा

छत्रपती संभाजीनगरला महागड्या मोटारींचे अप्रूप आता फारसे राहिलेले नाही. २०१० साली इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या होत्या, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीने स्कोडा आणि ऑडीच्या गाड्या जोडल्या, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून, ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत का होईना, अशा गाड्यांना मोकळा रस्ताही मिळाला. माझ्या एका स्नेह्याकडे अशीच एक वेगवान गाडी आहे. प्रवासाचे चित्रण तर व्हावे, पण गाडीच्या देखण्या अंगावर काही चिकटवलेले दिसता कामा नये, या अटीवर त्याने पुढच्या बंपरच्या जाळीआड काडेपेटीएवढा कॅमेरा बसवून घेतला. जालन्यापर्यंत जाऊन परत आल्यावर आम्ही ते चित्रण पाहिले, तेव्हा महामार्गाकडेचे खांब वाऱ्यावरच्या उसासारखे डुलत होते आणि सरळसोट काँक्रीटच्या रस्त्यावर लाटा उठत होत्या. कॅमेरा सदोष निघाला, असा निष्कर्ष त्याने लगेच काढला. वास्तविक कॅमेऱ्याने जे घडले तेच टिपले होते; फक्त ते एका क्षणी टिपले नव्हते.

आजच्या बहुतेक लहान कॅमेऱ्यांत ‘सीमॉस’ जातीचा संवेदक, म्हणजे उजेड टिपून त्याचे चित्र करणारी चकती, असतो. अमेरिकेतील ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या संवेदकाला आजचे रूप दिले, आणि कॅमेरा बोटाच्या पेराएवढा होण्याची वाट तिथून खुली झाली. हा संवेदक सहसा संपूर्ण चित्र एकदम वाचत नाही, तर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ क्रमाने वाचतो. या पद्धतीला ‘रोलिंग शटर’ म्हणतात, आणि दुकानाचे शटर वरून खाली ओढताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही. समजा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचायला एका सेकंदाचा पन्नासावा भाग लागला, तर तेवढ्या अवधीत कॅमेरा हलल्यास चित्राचा माथा एका जागेवरून आणि तळ दुसऱ्या जागेवरून घेतला जातो. सरळ खांब तिरका दिसतो, आणि कॅमेरा त्या अवधीत अनेकदा मागेपुढे डोलला असेल, तर खांबाला तितके बाक येतात.

किती बाक येतील, याचा हिशोब चक्क इंजिनाच्या फेऱ्यांवरून मांडता येतो. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात, आणि वरखाली धावणाऱ्या दट्ट्यांमुळे उरणारा असमतोलही फेरीला दोनदाच धक्का देतो. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०, म्हणून मुख्य कंपन सेकंदाला १०० वेळा होते, आणि आपल्या कॅमेऱ्याच्या एका चित्रात त्याच्या दोन लाटा मावतात. इंजिन ६००० फेऱ्यांवर नेले की चार लाटा दिसतात. गाडी सिग्नलला उभी असताना, ७५० फेऱ्यांवर, अर्धीच लाट येते आणि चित्र नुसते झुकल्यासारखे वाटते. वेगवान गाड्यांत इंजिनाखालचे रबर आणि चाकांवरच्या स्प्रिंगा मुद्दाम कडक ठेवलेल्या असतात, त्यामुळे हे सगळे धक्के साध्या गाडीपेक्षा अधिक ठळकपणे पत्र्यापर्यंत पोहोचतात. काँक्रीटच्या रस्त्याचे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरांवर असतात, आणि ताशी १२० किलोमीटरला ते सेकंदाला सात-साडेसात वेळा चाकाला ठोकतात. पण ही गती इतकी मंद आहे की तिने चित्र वाकत नाही, ते फक्त हादरते.

इथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॅमेरा जागच्या जागी मिलिमीटरभर सरकला, तर वीस मीटरांवरच्या खांबाच्या चित्रात जाणवेलसा फरक पडत नाही. घात होतो तो कॅमेरा कललेल्या कोनामुळे. सुमारे १२० अंशांचे दृश्य टिपणारे रुंद भिंग १९२० ठिपक्यांच्या चित्रात प्रत्येक अंशाला १६ ठिपके देते, म्हणून कॅमेरा अंशाचा दहावा भाग कलला तर चित्र दीड-दोन ठिपक्यांनी सरकते. तेच ४० अंशांचे अरुंद भिंग लावले की सरक पाच ठिपक्यांच्या घरात जाते. रुंद भिंगाची निवड करण्यामागे सगळे काही एका नजरेत मावावे हा हेतू असतो हे खरे, पण थरथर झाकण्याचे कामही तेच भिंग गुपचूप करीत असते.

आमच्या स्नेह्याच्या कॅमेऱ्याला खरा दगा दिला होता तो त्याच्या दांडीने. कॅमेरा जाळीच्या बरोबर मध्यावर यावा म्हणून फिटरने तो बारा-तेरा सेंटिमीटर लांब पट्टीच्या टोकाशी बसवला होता. एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या अशा पट्टीचा ताठपणा लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो: लांबी निम्मी केली की ताठपणा आठपट होतो, आणि पट्टी आपणहून ज्या गतीने डोलते ती नैसर्गिक वारंवारता जवळपास पावणेतीनपट वाढते. इंजिनाचे धक्के आणि पट्टीचे डोलणे यांची गती जुळली की झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसे कंपन फुगत जाते. यालाच अनुनाद म्हणतात. उपाय म्हणून सुचते ते मध्ये जाड रबर घालणे, आणि गॅरेजातही पहिला सल्ला तोच मिळतो. परंतु रबर ज्या वारंवारतेला स्वतः डोलते, तिच्या सुमारे १.४ पटींहून वेगवान कंपनेच ते अडवते, आणि त्याखालची कंपने उलट वाढवून पुढे पाठवते. असा रबरावरचा कॅमेरा महामार्गावर शांत राहतो आणि सिग्नलला थांबल्यावर कापरे भरल्यासारखा हलतो. माझ्या मते लहान, हलक्या कॅमेऱ्यासाठी पट्टी आखूड करणे, किंवा पट्टी काढूनच टाकणे, हाच सरळ मार्ग आहे, आणि लपवलेला कॅमेरा इथे जिंकतो, कारण त्याला लपण्यासाठी सहसा गाडीच्या अंगाला चिकटूनच राहावे लागते.

थरथर दिसण्यात उन्हाचाही हात असतो, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मराठवाड्यातल्या भर दुपारच्या उजेडात असा कॅमेरा आपली उघडझाप, म्हणजे प्रत्येक ओळ उजेड घेते तो अवधी, सेकंदाच्या सुमारे ३२०० व्या भागापर्यंत आखडतो. तेवढ्या क्षणात ताशी १२० किलोमीटरची गाडी जेमतेम एक सेंटिमीटर पुढे जाते, त्यामुळे रस्त्यावरची खडी दगडात कोरल्यासारखी स्पष्ट येते आणि तितकीच स्पष्ट येते प्रत्येक लाट. भिंगावर उजेड बत्तीसपट घटवणारी करडी काच, म्हणजे कॅमेऱ्याचा काळा चष्मा, लावला की उघडझाप सेकंदाच्या शंभराव्या भागावर येते, जवळची जमीन थोडी पुसट होते आणि त्या पुसटपणात वेगवान कंपनेही विरघळून जातात. कंपन गेलेले नसते. ते डोळ्यांना टोचेनासे होते, एवढेच.

शर्यतीच्या गाडीत कॅमेरा बसवण्याची हौस जुनी आहे. ऑस्ट्रेलियात १९७९ साली बॅथर्स्टच्या शर्यतीत पीटर विल्यमसन यांच्या टोयोटा सेलिकात कॅमेरा बसवून त्याचे चित्र हेलिकॉप्टरमार्फत थेट दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. फॉर्म्युला वनमध्ये १९८५च्या जर्मन शर्यतीत रेनो संघाने फ्रांस्वा एनो यांच्या गाडीवर तो चढवला. आज तिथे ज्या गाडीत कॅमेरा नसेल, तिलाही कॅमेऱ्याच्या आकाराची पोकळ पेटी वाहावी लागते, जेणेकरून वाऱ्याच्या बाबतीत कुणाला फुकटचा लाभ मिळू नये.

वाऱ्याचा हा हिशोब आपल्या गाडीपुरता मात्र किरकोळ ठरतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की इथल्या एका घनमीटर हवेचे वजन १.०५ किलोग्रॅमच्या आसपास उतरते. प्रमाण मानलेल्या १.२२५ किलोग्रॅमहून ते चांगले सातव्या हिश्शाने कमी आहे. या विरळ हवेत ताशी १२० किलोमीटरला चार सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद तोंडाच्या कॅमेऱ्यावर पडणारा रेटा १०० ग्रॅमच्या वजनाएवढाच असतो. त्रास देतात ते ठोकळ्यामागे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूने सुटणारे भोवरे. एवढ्या आकाराच्या उघड्या कॅमेऱ्यामागे ते सेकंदाला शंभराच्या आसपास सुटतात, म्हणजे नेमके इंजिनाच्या कंपनांच्याच वारंवारतेवर येऊन बसतात. जाळीआड लपवलेल्या कॅमेऱ्याची त्यातून बरीचशी सुटका होते, आणि ध्वनिमुद्रणातला वाऱ्याचा घोंघाटही त्याच कारणाने कमी होतो.

बाहेरून लावायचा असेल तर बहुतेक जण सक्शन कपावर, म्हणजे आतली हवा काढून चिकटणाऱ्या रबरी वाटीवर, विसंबतात. आठ सेंटिमीटर व्यासाच्या कपावर वातावरणाचा दाब, आतली हवा पूर्ण काढली असे धरल्यास, सुमारे ४८ किलो वजनाएवढा पडतो. आकडा धीर देणारा आहे, पण काळ्या मातीची बारीक धूळ कडेखाली अडकली की हवा झिरपते, आणि उन्हाने रबर मऊ पडते. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा १२० च्या वेगात सुटला, तर त्याच्या अंगी जी ऊर्जा असते, ती अठरा मजली इमारतीवरून टाकलेल्या त्याच कॅमेऱ्याएवढी असते, आणि मागून दुचाकीवर येणाऱ्याला हे सुखाचे नाही. म्हणून कपासोबत बारीक तारेचा दोर हवाच. फोमची दुहेरी चिकटपट्टी याहून भरवशाची, परंतु तिला वेळ द्यावा लागतो: स्पिरिटने पुसलेल्या, कोरड्या जागेवर दाबून लावल्यानंतर पूर्ण पकड यायला सुमारे तीन दिवस लागतात. सकाळी चिकटवून दुपारी वेरूळला निघणाऱ्यांच्या हातून कॅमेरे याच घाईने गेले आहेत.

जाळीआड जागा शोधताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. नव्या गाड्यांत पुढच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार बऱ्याचदा त्याच भागात दडलेले असते, आणि त्याच्या समोर धातूची पट्टी आली तर ते आंधळे होते. रेडिएटरच्या पुढची हवा गाडी चालू असताना बाहेरच्या हवेइतकीच तापलेली असते. खरी भट्टी पेटते ती गाडी उभी केल्यावर, जेव्हा इंजिन थंड ठेवणाऱ्या ९०-१०० अंशांवरच्या द्रवाची, कूलंटची, धग पुढे पसरते. लिथियम बॅटरी सामान्यतः ४५ अंशांपुढे भारित करायची नसते आणि ६० अंशांपुढे वापरायची नसते, म्हणून अशा जागी बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा पण उष्णता अधिक सोसणारा भाग, असलेला कॅमेरा घ्यावा आणि त्याला गाडीच्या १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणाऱ्या जोडणीने वीज द्यावी.

आता पट्टी काढून कॅमेरा फॉगलॅम्पशेजारच्या खोबणीत, जमिनीपासून तीस सेंटिमीटरांवर चिकटवला आहे. खांब सरळ उभे राहतात. चालकाचा डोळा जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच असतो, म्हणजे कॅमेरा त्याच्या चौथ्या हिश्शावर आहे. त्यामुळे खालची जमीन चौपट वेगाने सरकते आणि ताशी साठने केलेल्या फेरीचे चित्रण पाहणाऱ्यांना गाडी अडीचशेने धावल्यासारखी वाटते. घरच्यांना हे समजावता समजावता आमच्या स्नेह्याची पुरेवाट झाली. जूनच्या पहिल्या सरीनंतर मात्र पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला काळ्या मातीचा चिखल भिंगावर बसतो, आणि तो कोरड्या फडक्याने घासला तर मातीतले कण काचेवर ओरखडे काढतात, म्हणून डिकीत आता पाण्याची एक बाटली कायम असते.