मेक्सिकन भुंगा आणि ढालकिडा

जुलैत बांधावरच्या गाजर गवतावर घुमटासारख्या पाठीचे छोटे किडे दिसले की हमखास विचारणा होते, "ढालकिडे (लेडीबर्ड) आलेत, मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) खातील ना?" नाही खाणार. हे ढालकिडे नाहीत, मेक्सिकन भुंगे आहेत. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलरॅटा.

ढालकिडा शिकारी. कपाशी-ज्वारीवरचा मावा हे त्याचं जेवण. मेक्सिकन भुंगा पानं खातो, तीही मुख्यतः गाजर गवताचीच. हे तण पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याचा बंदोबस्त म्हणून हा भुंगा मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला.

ओळखायचं असेल तर किडा तळहातावर घ्या. भुंग्याची पाठ मळकट पांढरी, तिच्यावर तपकिरी उभे पट्टे. पण नुसत्या पट्ट्यांवर जाऊ नका, नागमोडी काळ्या रेघांचे ढालकिडेही असतात. मिशा बघा. भुंग्याच्या दोऱ्यासारख्या, सहज दिसणाऱ्या. ढालकिड्याच्या आखूड, टोकाशी जाड. अळीत तर गफलत होऊच नये. ढालकिड्याची अळी लांबोडकी, चपळ, चिमुकल्या मगरीसारखी. भुंग्याची गुबगुबीत, फिकट, पाठीला बाक आलेली, शेंड्याची कोवळी पानं कुरतडत बसलेली. ढालकिड्याचा कोष पानालाच चिकटतो, भुंग्याची अळी कोषासाठी मातीत उतरते.

(वांग्याच्या पानांची जाळी करणारा हड्डा भुंगेरा मात्र ढालकिड्यांच्याच कुळातला, म्हणून "ढालकिडा दिसला की मित्रच" असंही धरू नका.)

सूर्यफुलावरून या भुंग्याबद्दल मोठी भीती उठली होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात तो सूर्यफुलाची पानं खाताना दिसला. पुढे अभ्यासात कळलं, शेजारच्या गाजर गवताचे परागकण पानांवर पडले होते, त्यांच्या ओढीने तो तिकडे वळला. म्हणजे सूर्यफुलाशेजारचं गाजर गवत फुलण्याआधी काढणं महत्त्वाचं.

आमच्या शेजारच्या बांधावर एकाने हे भुंगे पाहून कीटकनाशकाचा पंप काढला. भुंगे मेले, गवत तसंच हिरवंगार राहिलं. मला फार वाईट वाटलं. पुढच्या पावसात आम्ही दुसऱ्या बांधावरचे भुंगे, भोकं पाडलेल्या डब्यात गाजर गवताचा पाला घालून, तिथे नेऊन सोडले. हे काम पावसाळ्यातच करायचं, कारण कोरड्या दिवसांत बरेचसे भुंगे मातीत सुप्त पडून असतात. पाला तोडताना हातमोजे घाला, गाजर गवताने अंगाला खाज सुटते.