अ‍ॅड-इन आणि ऑफिसची नवी आवृत्ती : सुसंगततेच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्ट ऑफिसची नवी आवृत्ती बसवल्यावर जुनी फाइल बहुतेक वेळा उघडते. अडून बसतो तो ऑफिसला जादा सोयी देणारा जोड-प्रोग्राम, म्हणजे अ‍ॅड-इन. फाइल ही नोंदवून ठेवलेली माहिती असते आणि तिच्या स्वरूपाचे नियम लिहून ठेवता येतात. अ‍ॅड-इन हा मात्र यजमान प्रोग्रामच्या पोटात, त्याच्याच प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रामला विंडोजने दिलेल्या कप्प्यात) आणि त्याच्याच मेमरीत चालणारा परका कोड असतो. यजमानाने जाहीर केलेल्या इंटरफेसवर तो जितका विसंबतो, तितकाच त्याच्या न सांगितलेल्या सवयींवरही विसंबतो: खिडक्या किती आणि कोणत्या क्रमाने उघडतात, मेनू कोणत्या नावाने सापडतो, पॉइंटर (मेमरीतील पत्ता) किती बाइटचा असतो. यांपैकी एखादी सवय नव्या आवृत्तीत बदलली की काल चालणारे अ‍ॅड-इन आज दिसेनासे होते, आणि वापरणाऱ्याला त्याचे कारण क्वचितच कळते.

सुरुवातीच्या काळाचा उल्लेख थोडक्यात पुरेल. एक्सेल ४ बरोबर, म्हणजे १९९२ मध्ये, सी भाषेतून एक्सेलशी बोलण्याची सोय आली आणि त्यावर आधारलेल्या एक्सएलएल फाइली आजही लोड होतात. या क्षेत्रात इतके दीर्घायुष्य फार थोड्या तंत्रांना लाभले आहे. १९९३ मध्ये एक्सेल ५ ने व्हीबीए (मॅक्रो लिहिण्याची भाषा) आणले आणि ऑफिस ९७ ने ते वर्ड व पॉवरपॉइंटपर्यंत पोहोचवले. ऑफिस २००० मध्ये कॉम (विंडोजमधील प्रोग्राम एकमेकांशी जोडण्याची पद्धत) वापरणारे अ‍ॅड-इन आले. पाच मेथडींचा एक ठरलेला इंटरफेस अमलात आणायचा, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) नोंद करायची आणि ऑफिसने सुरू होताना ते लोड करायचे, अशी ही साधी रचना होती. रजिस्ट्रीतील ‘लोडबिहेवियर’ या नोंदीची किंमत ३ असेल तर अ‍ॅड-इन सुरुवातीलाच लोड होते. लोड होताना ते कोसळले तर ऑफिस ती किंमत गुपचूप २ करते. ‘अ‍ॅड-इन गायब झाले’ या तक्रारीचा तपास अजूनही याच नोंदीपासून सुरू होतो.

पहिला मोठा धक्का ऑफिस २००७ ने दिला. मेनू आणि टूलबार जाऊन रिबन (टॅबांत मांडलेल्या बटणांची पट्टी) आली, तिची मांडणी एक्सएमएलमध्ये लिहावी लागू लागली आणि जुन्या पद्धतीने तयार केलेले टूलबार ‘अ‍ॅड-इन्स’ नावाच्या एका टॅबमध्ये कोंबले गेले. आउटलुकची मुख्य खिडकी मात्र २०१० पर्यंत जुन्या मेनूंवरच राहिली, त्यामुळे आउटलुकसाठी लिहिणाऱ्यांना काही काळ एकाच अ‍ॅड-इनमध्ये दोन्ही पद्धती सांभाळाव्या लागल्या. ऑफिस २०१० ने रिबनच्या एक्सएमएलसाठी नवे नेमस्पेस (नावांचा ओळख-संच) आणले. ते नेमस्पेस २००७ ला ओळखता येत नाही आणि अशा वेळी रिबनचा तेवढाच भाग न गाळता अ‍ॅड-इनची सगळी मांडणीच नाकारली जाते. म्हणून दोन्ही आवृत्त्यांत चालणाऱ्या अ‍ॅड-इनमध्ये रिबनच्या दोन मांडण्या ठेवून यजमानाची आवृत्ती पाहून योग्य ती द्यावी लागे. हे सगळे कष्टाचे होते, पण काय बदलले ते निदान डोळ्यांना दिसत होते. त्याच वर्षी जे दुसरे पाऊल उचलले गेले, त्याचे परिणाम असे दिसणारे नव्हते.

ऑफिस २०१० ही ६४-बिट स्वरूपात मिळालेली पहिली आवृत्ती. त्यामागची गरज खरी होती. ३२-बिट प्रोसेसला साधारणपणे २ जीबी एवढीच मेमरी वापरता येते, आणि २००७ मध्ये वर्कशीटच्या ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ वर व स्तंभ २५६ वरून १६,३८४ वर गेल्यानंतर ही मर्यादा मोठ्या फाइलींना काचू लागली होती. मात्र विंडोजचा नियम असा की ६४-बिट प्रोसेसमध्ये ३२-बिट डीएलएल (दुसऱ्या प्रोग्राममध्ये लोड होणारी कोडची फाइल) लोड होऊ शकत नाही. अ‍ॅड-इन यजमानाच्या प्रोसेसमध्येच चालते, या एका गृहीतकावर उभा राहिलेला सगळा डोलारा त्यामुळे एका बाजूला झुकला. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेल्या कॉम अ‍ॅड-इन्सना तर पुढे वाटच उरली नाही, कारण त्या भाषेचा ६४-बिट कंपायलर कधीच निघाला नाही आणि तिच्या विकसन-साधनाला मिळणारा आधार २००८ मध्येच संपला होता. ३२-बिट अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल (फॉर्मवर ठेवायचे तयार घटक) निकामी झाले. जेट ४.० या जुन्या डेटाबेस इंजिनाची ६४-बिट आवृत्ती नव्हती, त्यामुळे त्याच्या आधारे अ‍ॅक्सेसच्या फाइली वाचणारी अ‍ॅड-इन्सही अडकली.

या निर्णयावर तेव्हा वाद झाला आणि त्यातला एक मुद्दा आजही विचारात घेण्यासारखा आहे. जुनी अ‍ॅड-इन्स वेगळ्या ३२-बिट प्रोसेसमध्ये चालवून त्यांना ६४-बिट ऑफिसशी का जोडले नाही, असा प्रश्न विचारला जाई. तत्त्वतः कॉममध्ये हे शक्य आहे. स्वतंत्र ईएक्सई म्हणून चालणारा ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट एक्सेलला आजही हुकूम देऊ शकतो. अडचण वेगाची होती. प्रोसेसची सीमा ओलांडणारा प्रत्येक कॉल कितीतरी पट महाग पडतो, आणि एकेका सेलवर फिरत जाणारी, हजारो कॉल करणारी अ‍ॅड-इन्स तर यजमानाच्या पोटात राहण्याच्या भरवशावरच लिहिलेली होती. ती चालली असती, पण चालली असे म्हणवले नसते. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या तो निर्णय योग्यच होता, असे मला वाटते.

चूक झाली ती त्या निर्णयाला जोडलेल्या सल्ल्यात. ६४-बिट ऑफिस बाजारात आणतानाच उत्पादक कंपनीने बहुतेकांनी ३२-बिटच बसवावे असे सांगितले आणि इन्स्टॉलरही न विचारता तेच बसवत असे. अ‍ॅड-इन बिघडू नयेत, हाच या सल्ल्याचा हेतू होता. परिणाम असा झाला की अ‍ॅड-इन लिहिणाऱ्यांना बदलाची निकड भासली नाही, त्यांनी कोड बदलला नाही म्हणून संस्थांनी ३२-बिट सोडले नाही, आणि संस्थांनी ते सोडले नाही म्हणून लिहिणाऱ्यांना निकड भासली नाही. २०१६ मध्ये ३२-बिट एक्सेलला ६४-बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंत मेमरी वापरता येईल असा बदल केला गेला. त्याने अनेकांची तातडीची अडचण सुटली आणि संक्रमण आणखी लांबले. शेवटी २०१९ मध्ये न विचारता बसणारे स्वरूप ६४-बिट झाले, तेव्हा जवळपास नऊ वर्षे झाकून ठेवलेला प्रश्न नवी यंत्रे घेणाऱ्यांसमोर एकदम उघडा पडला.

व्हीबीएमध्ये लिहिलेल्या अ‍ॅड-इन्सची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तिथे कोड लोड होतो आणि चुकतो. ऑफिस २०१० बरोबर आलेल्या सातव्या व्हीबीएने ६४-बिटमध्ये विंडोजच्या फंक्शनांच्या प्रत्येक घोषणेत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द सक्तीचा केला. हा शब्द काहीही तपासत नाही. पॉइंटरची लांबी आपण पाहून घेतली आहे, अशी प्रोग्रामरने दिलेली ती हमी असते. असंख्य ठिकाणी लोकांनी शोध-बदल करून हा शब्द सगळीकडे टाकला आणि ‘लाँग’ प्रकारची चले तशीच ठेवली. ‘लाँग’ दोन्हीकडे चारच बाइटचा असतो, ६४-बिटमधला पॉइंटर मात्र आठ बाइटचा. त्यासाठी यजमानानुसार लांबी बदलणारा ‘लाँगपीटीआर’ हा नवा प्रकार दिला होता, पण तो न वापरताही बराचसा कोड चालत राहिला, आणि खरा घात तिथेच होता. खिडकीच्या हँडलचे (ओळख-क्रमांकाचे) ६४-बिट विंडोजवरही केवळ ३२ बिटच अर्थपूर्ण असतात, त्यामुळे हँडल ‘लाँग’मध्ये साठवले तरी निभावते. खऱ्या मेमरी-पत्त्याची गाठ पडली, तीही पत्ता ४ जीबीच्या वर असेल तेव्हा, की एक्सेल कोणताही संदेश न देता बंद पडते. शिवाय खिडकीचे गुणधर्म वाचणाऱ्या फंक्शनाचे ‘पीटीआर’ शेपटीचे रूप ३२-बिट विंडोजच्या डीएलएलमध्ये त्या नावाने उपलब्धच नाही. म्हणून व्हीबीए सातवे आहे का आणि यजमान ६४-बिट आहे का, या दोन वेगळ्या अटी कोडमध्ये स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. अनेक नमुना-कोडांत या दोहोंची सरमिसळ झालेली दिसते.

पुढे हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला तेव्हा उत्तर वेगळे निघाले, ही नोंद इथे आवश्यक आहे. २०२१ मध्ये आर्म प्रोसेसरच्या विंडोजसाठी ६४-बिट ऑफिस आले. ते अशा मिश्र पद्धतीने बांधले आहे की त्याच प्रोसेसमध्ये इंटेल पद्धतीची ६४-बिट अ‍ॅड-इन्सही लोड होतात. २०१० मध्ये असा पूल बांधणे परवडले असते का, हा वेगळा विषय. पण अ‍ॅड-इन्स मागे राहिली की ऑफिसही मागे राहते, हे तोवर सर्वांच्या अनुभवाचे झाले होते.

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रामिंग-व्यवस्थेवर आधारलेल्या अ‍ॅड-इन्सना ६४-बिटचा त्रास कमी झाला, कारण एकच बांधणी दोन्हीकडे चालते. त्यांची दुखणी निराळी होती. सुरुवातीला अशी सगळी अ‍ॅड-इन्स एकाच सामायिक डीएलएलमार्फत लोड होत, आणि त्यांपैकी एक कोसळले की ऑफिस त्या सामायिक डीएलएललाच दोषी ठरवून सगळ्यांना बंद करी. २००३ पासून विकसित होत गेलेल्या व्हीएसटीओने (डॉट नेटमधून ऑफिससाठी लिहिण्याच्या साधनाने) प्रत्येक अ‍ॅड-इनला स्वतंत्र कप्पा देऊन हा घोळ संपवला. ऑफिस २०१३ मध्ये एक्सेलच्या प्रत्येक वर्कबुकला स्वतःची खिडकी आणि स्वतःची रिबन मिळाली. तेव्हा एकाच खिडकीचे गृहीत धरून लिहिलेले फॉर्म आणि टास्क पेन (खिडकीच्या बाजूची पट्टी) भलत्याच वर्कबुकला चिकटून राहू लागले. त्याच वर्षीच्या आउटलुकने अ‍ॅड-इनच्या वेगावर पहारा बसवला: सलग पाच वेळा सुरू होताना लागलेल्या वेळेचे मध्यक १,००० मिलिसेकंदांच्या वर गेले की अ‍ॅड-इन बंद. डॉट नेटच्या नव्या शाखेकडे मात्र व्हीएसटीओ गेलेच नाही. जुनी आणि नवी शाखा एका प्रोसेसमध्ये नीट नांदत नाहीत, हे त्याचे जाहीर कारण, आणि त्यामुळे व्हीएसटीओ हे ४.८ या जुन्या शाखेच्या मालिकेशीच बांधले गेले आहे.

दरम्यान ‘आवृत्ती’ तपासण्याचा मार्गही निरुपयोगी होत गेला. ऑफिस २००७ चा अंतर्गत क्रमांक १२, २०१० चा १४ (१३ वगळला गेला), २०१३ चा १५ आणि २०१६ चा १६. त्यानंतरच्या २०१९, २०२१ व २०२४ या आवृत्त्या आणि वर्गणीवर मिळणारे ऑफिस हे सगळे १६.० एवढेच सांगतात. मुळात हा क्रमांक मजकुराच्या रूपात मिळतो, त्यामुळे आवृत्ती १० आली तेव्हा मजकूर म्हणून तुलना करणाऱ्या कोडला ती ९ पेक्षा जुनी वाटली होती, आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्या संगणकांवर त्याचे संख्येत रूपांतर करताना १२.० चे १२० होई. आता क्रमांक स्थिर आहे आणि बदल महिन्यागणिक येतात. उदाहरणार्थ, २०१८ पासून एक्सेलमध्ये एकाच सूत्राची उत्तरे अनेक सेलमध्ये पसरवणारे डायनॅमिक अ‍ॅरे येऊ लागले. तेव्हापासून ‘फॉर्म्युला’ या जुन्या गुणधर्मातून लिहिलेल्या काही सूत्रांत @ चिन्ह उमटते. ते टाळायचे तर ‘फॉर्म्युला२’ वापरावे लागते, आणि तो जुन्या एक्सेलमध्ये नाही. दोन्हीकडे यजमानाचा क्रमांक १६.० च. अशा वेळी तो गुणधर्म अस्तित्वात आहे का, हे प्रत्यक्ष वापरून पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

वेबवर आधारलेली अ‍ॅड-इन्स २०१३ मध्ये ‘अ‍ॅप्स’ या नावाने आली आणि पुढे त्यांनाही अ‍ॅड-इन म्हटले जाऊ लागले. त्यांनी यजमानाचे पोट सोडले: मॅनिफेस्ट ही एक छोटी फाइल, बाकी सर्व्हरवरचे पान आणि जावास्क्रिप्ट. आवृत्तीऐवजी ‘रिक्वायरमेंट सेट’ (यजमानात असायला हव्यात त्या सोयींचा ठरलेला संच) तपासण्याची सोय इथे आहे आणि ती आधीच्या सर्व तंत्रांपेक्षा सरस आहे, याविषयी दुमत होऊ नये. परंतु अवलंबित्व संपले नाही, ते ब्राउझरच्या इंजिनाकडे सरकले. कायमच्या परवान्याच्या जुन्या ऑफिसमध्ये ही पाने इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनावर चालतात, मधल्या काही आवृत्त्यांत जुन्या एजवर आणि आता क्रोमियमवर. त्यामुळे आधुनिक जावास्क्रिप्ट लिहूनही ती जुन्या बोलीत उतरवून द्यावी लागे. वेगाचा तो २०१० चा प्रश्नही इथे परत आला. कॉल आता प्रोसेसची सीमा ओलांडतातच. म्हणून ते साठवून ‘सिंक’ करताना एकगठ्ठा पाठवण्याची पद्धत पडली, आणि सेलवर फिरणारा जुना कोड ओळीला ओळ ठेवून उतरवणाऱ्यांना ती सोसवत नाही.

गेल्या काही वर्षांत सुरक्षेच्या कारणाने जुन्या वाटा अरुंद होत आहेत. २०२२ मध्ये एक्सेल ४ चे मॅक्रो मूळ सेटिंगमध्येच बंद झाले आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील व्हीबीए मॅक्रो अडवले जाऊ लागले. २०२३ मध्ये तशाच मार्गाने आलेल्या एक्सएलएलवरही ही पाळी आली. विंडोजच्या नव्या आउटलुकमध्ये कॉम आणि व्हीएसटीओ अ‍ॅड-इन्स मुळीच चालत नाहीत, तर डेस्कटॉपवरील एक्सेल व वर्डमध्ये ती अजून चालतात. त्यामुळे एकाच उत्पादनासाठी आउटलुकचा भाग जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहायचा आणि एक्सेलचा भाग डॉट नेटच्या जुन्या शाखेवरच ठेवायचा, अशी दुहेरी कोडव्यवस्था सध्या अनेकांनी पत्करली आहे. मॅनिफेस्टमध्ये समतुल्य कॉम अ‍ॅड-इनचे नाव देण्याची सोय याच अवस्थेसाठी आहे: ते बसवलेले असेल तर विंडोजवरील ऑफिस त्यालाच पसंती देते आणि वेब अ‍ॅड-इन बाजूला ठेवते.