उन्हाळी शिबिरं: वेगळी की मिसळून?

मे महिना आला की पुण्यात चौकाचौकात छंदवर्गांचे फलक लागतात. त्याच सुटीत, सिंहगड-पानशेतच्या त्याच डोंगरांत, वस्तीतल्या, बालगृहातल्या आणि निरीक्षणगृहातल्या (गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं जिथे ठेवतात त्या) मुलांचीही निवासी शिबिरं भरतात. त्यांचे फलक लागत नाहीत. ही मुलं स्वतंत्र न्यायची की इतरांत मिसळून, हा तिथला जुना वाद अजून मिटलेला नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडे रुळलेल्या शिबिराचा जो इंग्रजी पूर्वज, तो मिसळलेलाच होता. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या एका बेटावर बालवीरांचा (स्काउटांचा) पहिला तळ पडला. त्यात वीसेक मुलं होती, काही बड्या शाळांतली, काही कामगारांची. इकडे मुंबई प्रांतात १९२४ साली मुलांसाठी वेगळा कायदा आला, पण त्याचा सगळा भर संस्थेत ठेवण्यावर. स्वातंत्र्याच्या आगेमागे पुण्यात श्रमदानाची, कवायतीची, कलापथकांची शिबिरं जोरात होती. ती देशकार्यासाठी होती, पोराच्या मनातली भीती जावी म्हणून नव्हे.

हा विचार रुजला तो नव्वदच्या दशकात. १९९३ मध्ये शहरातल्या कचरावेचक महिलांची संघटना उभी राहिली आणि त्यांच्या मुलांची शाळा हा वस्तीतल्या कामाचा मोठा भाग झाला. सुटी लागली की मुलं आईबरोबर कामावर जायची, आणि जूनमध्ये त्यांतली काही शाळेत परतायचीच नाहीत. शिबिर हा आधी या गळतीवरचा उपाय होता. पुढे २००० च्या बालन्याय कायद्याने मुलग्यांची वयोमर्यादा १६ वरून १८ केली. मिसरूड फुटलेली सतरा वर्षांची मुलंही ‘बालक’ ठरली. त्यांच्यापुढे गाणी-गोष्टी कुठवर चालणार? मग रोप, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं), रात्रीचा ट्रेक असं सगळं आलं.

वेगळ्या शिबिराची बाजू पोकळ नाही. रात्री दचकून उठणारी, अंथरूण ओलं करणारी मुलगी अनोळखी पोरांत चार दिवस कशी काढेल? मिसळलेल्या गटात पहिली नजर पायांकडे जाते. एकाला ट्रेकिंगचे बूट, दुसऱ्याला स्लिपर. मग डबे, मग मोबाइल. यावर साधा तोडगा म्हणजे सगळ्यांना एकसारखे कॅनव्हासचे बूट द्यायचे आणि मोबाइल पहिल्याच संध्याकाळी जमा करायचे.

खरी पंचाईत फॉर्म भरताना होते. ‘कुठली मुलं असणारेत?’ असं पालक विचारतात. सांगावं तर नावं गळतात, न सांगावं तर फसवलं म्हणतात. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बालन्याय कायद्यात मनाई आहे. पण वेगळ्या शिबिराच्या बसला संस्थेचा बॅनर बांधला की न सांगताच गावभर होतं. वर देणगीदारांना हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो हवे असतात, आणि चेहरे तर दाखवता येत नाहीत, म्हणून मुलांना पाठमोरं बसवून फोटो काढायचे. वेगळेपणाविरुद्ध मला याहून वजनदार मुद्दा दिसत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा राखल्या. जून ते एप्रिल एका बाकावर बसलेल्या मुलांनी मे महिन्यात दोन वेगळ्या बसमधून का जावं?

शिवाय वेगळ्या शिबिरात लाड फार. ताई-दादा रांधतात, मुलं जेवतात, शेवटी प्रमाणपत्र. मिसळून पाळ्या लावल्या की चित्र पालटतं. सुखवस्तू कोथरूडच्या पोराला स्टोव्ह पेटवता येत नाही. जनता वसाहत या झोपडवस्तीतली दहा वर्षांची पोर पिन मारते, पंप मारते, ज्योत निळी झाली की तवा ठेवून भाकऱ्या थापायला बसते. तासाभरात तिच्याभोवती शिकायला घोळका.

१९७७ साली एका मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की आपल्याला जमेल हा विश्वास सर्वांत जास्त वाढतो तो काम प्रत्यक्ष जमल्यामुळे. शाबासकीचं बळ त्या मानाने थोडं. कड्यावर याची प्रचिती येते. चढणाऱ्यापेक्षा खाली बिले (belay) देणाऱ्याकडे, म्हणजे त्याचा रोप धरून त्याला सांभाळणाऱ्याकडे पाहावं. घरी ज्याच्या हाती कुणी दहाची नोट देत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचा रोप असतो. मागे प्रशिक्षक असतोच, तरी पोरगा पापणी लवू देत नाही.

२०१६ पासूनची वर्षं मात्र अशी शिबिरं आखडण्याची. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्यातल्या महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीत मुरूडच्या समुद्रात बुडाले, आणि मुक्कामी परवानगी द्यायला सगळेच कचरू लागले. साहसी उपक्रमांसाठी २०१८ मध्ये शासन निर्णय आला, २०२१ मध्ये धोरण. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सुरक्षेचं साहित्य, हे हवंच होतं. पण खर्चही वाढला, आणि छोट्या संस्थांना सकाळी नेऊन संध्याकाळी घरी सोडायचं शिबिर परवडू लागलं. भीती रात्री बाहेर येते, आणि नेमकी तीच रात्र त्यात गळते. कोविडने २०२० आणि २०२१ असे दोन उन्हाळे खाल्ले ते वेगळेच.

त्यात २०२५ पासून पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत लांबल्या. वस्तीतली कितीतरी कुटुंबं मे महिन्यात जत्रा-लग्नांना गावी जातात. म्हणजे हाताशी उरतो जेमतेम पहिला आठवडा. त्यापेक्षा निवासी शिबिर दिवाळीच्या सुटीत घेणं सोयीचं. तेव्हा डोंगरात पाणीही मिळतं.