तुमची ब्राह्मी कोणती?

परीक्षा जवळ आल्या की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलं आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आया ब्राह्मीची चौकशी करू लागतात. पुण्यातल्या बहुतेक रोपवाटिकांत ‘ब्राह्मी द्या’ म्हटलं, की गोल पानांची, जमिनीवर पसरणारी वेल हातात येते. पान नाण्याएवढं किंवा थोडं मोठं, देठाशी खाच असलेलं आणि कडेने नक्षीसारखं कातरलेलं. ही मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. ती कोथिंबीर-गाजराच्या कुळातली आहे.

स्मरणशक्तीबद्दलच्या बातम्यांमध्ये ‘ब्राह्मीवर संशोधन’ असं छापून येतं, ते मात्र बहुधा दुसऱ्याच वनस्पतीवरचं असतं. तिचं नाव बॅकोपा मोनिएरी, मराठीत जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी. ओढ्याकाठच्या चिखलात ती वाढते. पानं छोटी, मांसल, जोडीजोडीने येणारी, कडा अगदी साध्या, आणि फूल पांढरं किंवा फिकट जांभळं. दोघींचं कूळ वेगळं आणि रसायनंही वेगळी.

चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनं चार सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा. या चौघांत ब्राह्मी नाही! ती भेटते अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या चिकित्सेत, ब्राह्मीघृतात, वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पीबरोबर जुन्या तुपात सिद्ध केलेली. म्हणजे ग्रंथकारांनी ही दोन नावं वेगळी ठेवली होती. बाजाराने ती एक केली, आणि मला हे फार खटकतं. कारण एकीवर झालेल्या प्रयोगाचा दाखला देऊन दुसरीच विकली जाते.

जलब्राह्मीतल्या मुख्य द्रव्यांना बॅकोसाइड म्हणतात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात ती वेगळी केली. ती सॅपोनिन गटातली, म्हणजे रिठ्याला ज्यामुळे फेस येतो त्याच जातकुळीची. बॅकोसाइड ए हा एकच पदार्थ नसून अनेक सॅपोनिनांचं मिश्रण आहे, हे पुढे कळलं.

माणसांवरच्या प्रयोगांपैकी २००२चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो. ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांपैकी काहींना तीन महिने जलब्राह्मीचा अर्क दिला, काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. नवं शिकण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच राहिला. फरक पडला तो विसरण्यात: शब्दांच्या जोड्या काही वेळाने विचारल्या, तेव्हा अर्क घेतलेल्यांना त्या जास्त आठवल्या. म्हणजे ब्राह्मीने गणित लवकर समजेल ही आशा चुकीची. शिकलेलं थोडं अधिक टिकू शकतं, इतकंच, आणि तेही महिनोन्‌महिने नियमित घेतल्यावर. पेपरच्या आदल्या आठवड्यात सुरू करून काय होणार? डोक्याला चोळायच्या ब्राह्मी तेलाला तर हे निष्कर्ष लागूच होत नाहीत, कारण प्रयोगांत अर्क पोटात दिलेला होता.

उपद्रवही आहेत. मळमळ, पोटात कळ, वारंवार शौचाला होणं, हे प्रयोगांत दिसलं आहे. उंदरांमध्ये थायरॉइडचं संप्रेरक वाढल्याचं आढळलं. म्हणून थायरॉइडची किंवा विस्मरणाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जलब्राह्मी घेऊ नये. नैराश्याची औषधं तर ब्राह्मीच्या भरवशावर अजिबात बंद करू नयेत.

आणखी एक. पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम जलब्राह्मी शोषून घेते, इतकं की सांडपाणी शुद्ध करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे. त्यामुळे मुळा-मुठेच्या काठावर ती दिसली, तरी खुडून चटणीत घालू नका. घरी लावणं सोपं आहे: पेराजवळ तोडलेला तुकडा ओल्या मातीत खोचला की मुळं धरतो. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवायची, माती सुकू द्यायची नाही. माझ्या गॅलरीत दोन्ही शेजारी आहेत, आणि येणाऱ्याला मी आधी पानाची कड बघायला सांगते.